आईचा रकाना

"आईच्या रकान्यात रेघ चालत नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म काचेखालून परत सरकवला. "तिथं 'मयत' लिहा. तुमच्या हातानं लिहा आणि शेजारी तारीख घाला. वडिलांच्या रकान्यात तर काहीच नाहीये. सही राहिलीय तुमची." बाईंचा चष्मा गळ्यात दोरीला लटकत होता. तो चढवून त्यांनी मृत्यूचा दाखला एकदा वाचला आणि चष्मा पुन्हा खाली सोडला. "दाखला ठीक आहे. तेवढं करून आणा. नवं टोकन नको, तसेच या. पण एकच्या आत. एकला मी उठते." त्याने मान हलवली. ती रेघ त्याने काल घरी पट्टी लावून मारली होती, अगदी सरळ. मारून झाल्यावर पेनाला टोपण लावताना त्याला वाटलं होतं, चला, हे एक झालं. अकरा महिन्यांत त्याला तो शब्द लिहावा लागला नव्हता. दाखला नगरपालिकेने लिहिला होता, बँकेतलं मेव्हण्याने पाहिलं होतं, शाळेतलं मुलीने स्वतःच भरलं होतं. त्याच्या वाट्याला नुसती रेघ आली होती, आणि तीही आता परत आली.

मुलगी बाकावर बसली होती, लांब पाय समोर सोडून. साडेसोळा वर्षांची. लहानपणी ती वर्गात सगळ्यांत बुटकी होती म्हणून आई तिला ठेंगू म्हणायची. गेल्या दोन वर्षांत ती आईच्या डोक्यावरून गेली, तरी नाव ठेंगूच राहिलं. "काय झालं?" तिने विचारलं. "काही नाही. थोडं लिहायचं राहिलंय." "द्या, मी लिहिते." "नाही. मलाच लिहायचंय." तिने फॉर्मकडे पाहिलं, आईच्या रकान्यातल्या रेघेकडे पाहिलं आणि पुन्हा पाय पसरले. अलीकडे ती बोलायची नाही. भाजी जमली का म्हटलं तर जमली, शाळा कशी झाली म्हटलं तर झाली. घरात दोन माणसं आणि शब्द मोजके. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. आजच काम व्हायला हवं होतं. गाडीच्या लायसनची लेखी परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली होती. त्या निकालाची मुदत नव्वद दिवस, आणि आज नव्वदावा दिवस. एवढे दिवस तिने फॉर्म रोज सकाळी त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला होता आणि रोज संध्याकाळी न बोलता उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. इथल्या नियमाप्रमाणे सोळाव्या वर्षी गाडीचं लायसन काढता येतं, पण अठरा पूर्ण होईपर्यंत आईबापांच्या संमतीशिवाय मिळत नाही. दोघं असतील तर दोघांच्या सह्या, एक असेल तर एकाची. तो म्हणायचा, बघू. काल रात्रीच्या जेवणाच्या वेळी ती म्हणाली, उद्या शेवटचा दिवस आहे. त्याने तेव्हा पट्टी मागितली.

त्याने फॉर्म मांडीवर घेऊन पुन्हा वाचला. 'वरील अज्ञान (अठरा वर्षांखालील) अर्जदाराच्या वाहन चालविण्यामुळे कोणास इजा अगर नुकसान झाल्यास त्याची जबाबदारी खाली सही करणाऱ्यावर राहील.' शेजारी एक जाडा माणूस बसला होता, बेकरीवाला, सकाळी सगळ्यांशी ओळख काढून झालेला. तो वाकून म्हणाला, "वाचू नका हो. मी तीनदा सही केलीय, तीन पोरींसाठी. वाचली एकदाही नाही." "काही झालं नाही कधी?" "थोरलीनं दुकानाचं शटर ठोकलं. माझ्याच दुकानाचं. म्हणजे जबाबदार मी आणि नुकसानही माझंच. बाहेरच्या कोणाला त्रास नाही." तो आपल्याच बोलण्यावर हसला आणि पलीकडे मोबाइल बघत बसलेल्या धाकटीकडे हनुवटीने दाखवत म्हणाला, "घरात ही मला अज्ञान समजते. इथं फॉर्मवर एवढं तरी बरोबर छापलंय." मुलगी जरा हसली. परक्या माणसाच्या बोलण्यावर ती हसते हे त्याच्या लक्षात आलं.

सहीची त्याला भीती असायचं कारण नव्हतं, कारण त्याचं पोटच सहीवर चाललं होतं. तो लिफ्ट तपासायचा. सव्वीस वर्षं झाली. गावातल्या कितीतरी इमारतींत, लिफ्टच्या आत, बटणांच्या वर काचेमागे एक कार्ड असतं, आणि त्यावर दर महिन्याला त्याची सही पडते: तपासले, सुरक्षित, खाली पुढच्या तपासणीची तारीख. माणसं त्या कार्डासमोर उभी राहून वर जातात, खाली येतात, केस नीट करतात, पण सही कोणाची हे कोणी बघत नाही. त्याला काम शिकवणारा म्हातारा मेस्त्री म्हणायचा, "ज्यानं सही करायची त्यानं आधी बसायचं. वरपासून खालपर्यंत, दोनदा. मग पेन काढायचं. न बसता सही करणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर उदार." हा नियम त्याने कधी मोडला नव्हता. दोर पाहायचा, ब्रेक पाहायचा, दाराची फट बोटाने चाचपायची, आणि मग एकट्याने आत उभं राहून जायचं. पोटात होणारी ती हलकी ओढ ओळखीची असली की ठीक. इथे सगळं उलटं होतं. आधी सही, आणि सही झाल्यावर मग पोरीच्या हातात चाक. बसून बघायची सोयच नाही. त्यातून, लिफ्ट वर जाते आणि खाली येते. तिच्या आडवं कोणी येत नाही.

तो सतरा वर्षांचा असताना त्याच्याही फॉर्मवर अशीच सही झाली होती. वडील शिंपी होते. सही करताना त्यांनी खडू कानावर ठेवला आणि हात पँटीला पुसला, एवढं त्याला आठवत होतं. फॉर्म वाचला नाही. पाचव्या आठवड्यात, त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी, उभ्या असलेल्या दोन गाड्यांमधून पोस्टमन बाहेर आला. तो चालवत होता ती गाडी काही वेगात नव्हती. पोस्टमन हातातल्या पाकिटाकडे बघत होता. आवाज एवढासा झाला, कपड्यांचं गाठोडं खाली ठेवावं तसा. मग रस्ताभर पाकिटं. चूक कोणाची यावर गल्लीत बरंच बोलणं झालं, कचेरीत कागद झाले, आणि प्रत्येक कागदाला वडील गेले, कारण सही त्यांची होती. त्याला कोणी बोलावलंच नाही. तो घरी बसून राहायचा आणि वडील पायऱ्या चढून यायचे, टोपी काढून खुंटीला लावायचे. एकदा तो म्हणाला, मी येतो उद्या. वडील म्हणाले, "सही माझी आहे. तू जेव." बस्स. पुढे कधी त्यावर बोलले नाहीत. पोस्टमनची मांडी जुळली पण पाय आखूड राहिला. त्याला पत्रं वाटायच्या कामावरून काढून आत, पत्रं लावायच्या टेबलावर बसवलं. तो उठून चालायला लागला तेव्हा वडील टेप घेऊन त्याच्या घरी गेले आणि माप घेऊन आले. मापांच्या वहीत एक पान त्याचं होतं: पोस्टमन, डावा पाय पाऊण इंच कमी. वर्षाला दोन पँटी. एकवीस वर्षं. कंबर वाढत गेली, ती वहीत वाढत गेली; पाऊण इंच तेवढाच राहिला. वडील गेले तेव्हा दुकानाच्या फळीवर शेवटची पँट घडी घालून तयार होती, डावा पाय आखूड. ती त्याने कितीतरी दिवस तशीच राहू दिली. मग बायकोला म्हणाला, एका गिऱ्हाइकाची आहे, तुझ्या वाटेवर पडतं, देऊन ये. ती देऊन आली. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

तो पुन्हा कधी चाकाला शिवला नाही. लग्नाच्या वेळी बायकोला सांगितलं, मला गाडीत चक्कर येते, चालवताना तर फारच. ती म्हणाली, "उंच उंच इमारतींवर दोराला लटकता आणि गाडीत चक्कर? बरं बाई." आणि तिने तो विषय संपवला. ती एका लॅबमध्ये होती. सकाळी घरोघर जाऊन लोकांचं रक्त काढायची, बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून आणायची. लहानशी गाडी, मागच्या सीटवर पेटी. सुट्टीच्या दिवशी पेटीच्या जागी मुलगी. तो पुढे, तिच्या शेजारी. एकोणीस वर्षं त्याने त्या सीटवर काढली, आणि त्या सीटचा त्याच्या पाठीसारखा आकार झाला होता. ती बुटकी, म्हणून तिची सीट अगदी पुढे ओढलेली असायची, जवळजवळ चाकाला चिकटून. "अहो लिफ्टवाले, पट्टा," म्हणायची. सिग्नलला थांबली की बोटांनी चाकावर ठेका धरायची. घाटात समोरून ट्रक आला की त्याचा पाय आपोआप खाली दाबला जायचा, तिथे ब्रेक नसूनही, आणि ती समोर बघतच म्हणायची, "दाबा, दाबा, तेवढीच मदत." गेल्या वर्षी रविवारी दोघी मायलेकी कुठेतरी जाऊन यायला लागल्या. लॅबच्या मागच्या बंद आवारात ती पोरीला गाडी शिकवत होती, हे त्याला नंतर कळलं. नंतर म्हणजे त्या दुपारी.

त्या दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, जरा बसते, आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. मग त्याच्याकडे बघून काही बोलली, पण ते शब्द नव्हते. त्याने अॅम्ब्युलन्सला फोन केला. वीस मिनिटांत येतो म्हणाले. खुर्चीसकट उचलून त्याने आणि मुलीने तिला लिफ्टमध्ये घेतलं. ती लिफ्टही त्याचीच, समोर कार्ड, त्यावर त्याची सही, तपासले, सुरक्षित. पाच मजले तो ती सही वाचत होता, कारण बायकोकडे बघवत नव्हतं. खाली आल्यावर पोरगी धावली. परत पाहतो तर ती गाडीत, बायकोच्या सीटवर, गुडघे चाकाला टेकलेले, आणि गाडी सुरू झालेली. "बाबा, आणा आईला." ती ओरडली नाही, नीट म्हणाली. त्याला आवारातून बाहेर जाणारा रस्ता दिसला, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, आणि मधून कोणीतरी हातातलं पाकीट वाचत येईल असं. कोणी येत नव्हतं. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि काढून घेतली. "लायसन नाही तुझ्याकडे. खाली उतर." ती उतरली. उतरताना तिला गुडघे सोडवून घ्यावे लागले. अॅम्ब्युलन्स अडतीस मिनिटांनी आली. तोवर ती दोघं खुर्चीच्या दोन बाजूंना उभी होती, आणि किल्ली त्याच्या मुठीत. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी, सगळं संपल्यावर, त्याने डॉक्टरला विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? तरुण डॉक्टर होता. खूप थकलेला. म्हणाला, "सांगता येत नाही." तो शब्द न् शब्द बरोबर घेऊन तो घरी आला. अकरा महिने त्याने तो सगळ्या बाजूंनी तपासला, दोर तपासतात तसा, एकेक पीळ उलगडून. कुठेही तुटलेला सापडला नाही आणि भार टाकावा असाही वाटला नाही.

"अर्धा तास राहिलाय," मुलगी म्हणाली. त्याने पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. बेकरीवाल्याचा नंबर लागला आणि तो उठून गेला. त्याच्या जागी कोणी बसलं नाही. मुलगी समोर बघत, आवाज न चढवता म्हणाली, "पोस्टमनमुळे का?"

"कोण पोस्टमन?"

"बाबा."

त्याने पेनाचं टोपण आणखी घट्ट दाबलं.

"आईनं सांगितलंय मला. आजोबांनी शिवलेली शेवटची पँट ती द्यायला गेली होती ना, तेव्हा त्यांनी तिला बसवून घेतलं. चहा दिला. सगळं सांगितलं. म्हणाले, पोरगं वाईट नव्हतं, मीच पत्ता वाचत रस्त्यावर उतरलो."

"असं म्हणाला?"

"आई खोटं कशाला सांगेल? ती दर वर्षी जायची त्यांच्याकडे. रक्त काढायला. पैसे घ्यायची नाही."

तिथे पंखा होता, त्याचा आवाज होता, खिडकीपाशी बेकरीवाला बाईंशी हुज्जत घालत होता. म्हणजे ती पँट देऊन आल्यापासून बारा वर्षं ती हे घेऊन गाडी चालवत होती. शेजारी तो बसलेला, ट्रक आला की पाय दाबणारा, आणि ती म्हणायची, दाबा, दाबा. "मला का नाही बोलली?" त्याने विचारलं.

"म्हणाली, त्यांना चक्कर येते असंच म्हणायचं आपण. त्यांना सांगायचं असेल तेव्हा सांगतील."

त्याने फॉर्मची कड बोटाने सरळ केली. ती सरळच होती. मग जे अकरा महिने तोंडाशी येऊन परत जात होतं ते तो बोलून गेला. "त्या दिवशी मी किल्ली घेतली."

"हो."

"तुला येत होती चालवायला."

मुलीने पाय जवळ ओढून घेतले. "आवारात येत होती. गोल गोल. रस्त्यावर... माहीत नाही मला. तिसऱ्या गियरच्या वर कधी गेलेच नव्हते." जरा थांबून म्हणाली, "मी रोज चालवते ती गाडी. मनात. कधी पोचते. कधी चौकातच ठोकते, तिघंही."

"राग आहे माझ्यावर?"

"आहे," ती म्हणाली. त्याने मान हलवली, बिलात हिशेब बरोबर निघावा तशी. "कधीकधी वाटतं बरं झालं काढून घेतलीत. मग त्याचाच जास्त राग येतो. स्वतःचा." तिने नाक पुसलं, हाताच्या पाठीनेच, लहानपणी पुसायची तसं. "पण पुन्हा तसं उभं राहायचं नाहीये मला. तुम्ही खुर्चीत असाल आणि मी शेजारी उभी. ते नाही जमणार मला, बाबा. म्हणून पाहिजे लायसन. हिंडायला नको आहे."

हे तिने नव्वद दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं. त्याला हिंडणारी पोरगी दिसत होती, मैत्रिणी, गाणी, खिडकीबाहेर हात. आणि तिला दिसत होती खुर्ची. त्या खुर्चीत तो. त्याला एकदम खूप थकल्यासारखं झालं, पण हा थकवा वेगळा होता, ओझं खाली ठेवल्यावर दंड भरून येतात तसा. वडील आठवले. फॉर्म न वाचता सही करणारे. ते अडाणी होते म्हणून वाचला नाही असं तो इतकी वर्षं समजत होता. त्यांना वाचायला येत होतं. मापांची वही सगळी त्यांच्याच अक्षरात होती. न बसता सही करायची, आणि मग पाऊण इंच आयुष्यभर शिवत बसायचं, असं ते काम असतं. मेस्त्रीचा नियम लिफ्टला ठीक. पोरांना तो लागू नाही.

त्याने फॉर्म मुलीच्या दप्तराच्या पाठीवर ठेवला आणि आईच्या रकान्यात, रेघेच्या वर, 'मयत' असं लिहिलं. तीन अक्षरं, ना काना ना मात्रा. लिहायला काहीच वेळ लागला नाही. शेजारी तारीख घातली, अकरा महिन्यांपूर्वीची. मग वडिलांच्या रकान्यात सही केली, आणि न थांबता खाली आणखी एक तारीख टाकली. उठून खिडकीशी गेला. मुलगी मागे उभी राहिली.

बाईंनी चष्मा चढवला. "हं. आणि ही कसली तारीख? ही तर पुढच्या महिन्याची आहे."

त्याने वाकून पाहिलं. हात आपोआप चालला होता. "पुढच्या तपासणीची," तो म्हणाला.

"कसली तपासणी?"

"लिफ्टची. म्हणजे... सवयीनं पडली."

मागून मुलगी फस्सकन हसली. तोंडावर हात ठेवला तरी हसू थांबेना, आणि बाईंनाही हसू आलं, एक वाजायला सात मिनिटं असताना. "लिफ्ट नाहीये हो ही तुमची. इथं दर महिन्याला बघायला कोणी येत नाही. खोडा आणि शेजारी छोटी सही करा." त्याने खोडलं. बाई सांगू लागल्या, पाठ असलेलं सांगतात तसं. संमती कधीही मागे घेता येते, एक अर्ज करायचा, लायसन रद्द होतं. "आणि सही करणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तरी रद्द होतं. मग दुसरा पालक उभा करावा लागतो. अठरा पूर्ण होईपर्यंत." सांगून झाल्यावर त्यांचं लक्ष दाखल्याकडे गेलं आणि त्या जरा ओशाळल्या. मुलगी म्हणाली, "म्हणजे दीड वर्ष तुम्ही मरायचं नाही." "बघू," तो म्हणाला. "बघू नाही." "बरं. नाही मरत." बाईंनी शिक्का मारला आणि शिकाऊ परवाना काचेखालून सरकवला. तो त्याने घेतला नाही, तिला घेऊ दिला.

बसने ते घरी आले. आवारात गाडी होती, कापडाखाली. मेव्हणा मागच्या आठवड्यात येऊन बॅटरी भरून गेला होता आणि रविवारी येतो म्हणाला होता, पोरीच्या शेजारी बसून शिकवायला, कारण शेजारी लायसनवालाच लागतो. तो स्वतः मागे बसणार होता, पेटीच्या जागी. दोनदा, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, हे त्याने बसमध्येच ठरवलं होतं. "नुसती सुरू करून बघू?" मुलगी म्हणाली. "हलवत नाही." तो पाच मजले वर गेला, दाराशेजारच्या हुकावरून किल्ली काढली आणि खाली आला. येताना कार्डाकडे पाहिलं नाही. दोघांनी कापड काढलं, चार घड्या घातल्या. त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि पलीकडून आपल्या जागी जाऊन बसला. सीटने त्याची पाठ ओळखली. आत बर्फाच्या पेटीचा ओलसर वास अजून होता, थोडा.

ती चाकामागे शिरली. शिरली म्हणजे कशीबशी घुसली. गुडघे चाकाला टेकले, त्या दुपारी टेकले होते तसेच. तिने एक हात सीटच्या खाली घातला, सीट मागे न्यायचा दांडा असतो तिथे. आणि तशीच थांबली. त्याच्याकडे पाहिलं. सीट जिथे होती तिथे बायकोने आणून ठेवलेली होती, तिच्या उंचीला, आणि त्यानंतर तिला कोणी हलवलं नव्हतं. फॉर्मवर याचा रकाना नव्हता. समोरच्या काचेवर अकरा महिन्यांची धूळ होती आणि तिच्यातून आवाराचं फाटक अंधुक दिसत होतं. मुलीचे गुडघे दुखत असणार. तरी ती हात तसाच ठेवून वाट बघत राहिली. त्याने पट्टा ओढला, खाचेत बसवला, आणि तो बसला का हे एकदा ओढून पाहिलं.

"सरकव," तो म्हणाला.